रजोनिवृत्ती, निद्रा आणि व्यायाम : एका प्रश्नाचा शब्देतिहास

पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या स्त्रीची झोप हा वैद्यकाच्या इतिहासात फार उशिरा स्वतंत्र विषय ठरला. रजोनिवृत्तीच्या काळात झोप बिघडते हे अनुभवाने सर्वांस ठाऊक होते. तथापि ती कशी बिघडते, याची नीट विचारपूस होण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. व्यायामाने ती सुधारते काय, हा प्रश्न तर त्याहूनही अलीकडचा होय. या विलंबाचे कारण केवळ मोजणीच्या साधनांचा अभाव हे नव्हे. ज्या शब्दांत स्त्रियांनी आपली तक्रार सांगितली आणि ज्या शब्दांत वैद्यांनी ती नोंदून घेतली, त्या दोहोंतील अंतराचाही त्यात मोठा वाटा आहे. या अंतराचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१. नाव मिळण्यापूर्वी आणि मिळाल्यानंतर

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात रजाचा आरंभ बाराव्या वर्षानंतर व क्षय पन्नासाव्या वर्षी होतो, असे सांगितले आहे. शरीर जरेने पक्व झाले म्हणजे हा क्षय घडतो, एवढेच त्याचे विवरण. त्याला रोग मानलेले नाही आणि त्याबरोबर येणाऱ्या तक्रारींची यादीही तेथे दिलेली नाही. निद्रेचा विचार चरकसंहितेत वेगळ्या ठिकाणी येतो. आहार व ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रा ही शरीराच्या तीन उपस्तंभांपैकी एक मानली आहे आणि निद्रानाशाच्या कारणांत कार्य, काल, विकार, प्रकृती व वायू यांची गणना केली आहे. या यादीतील ‘काल’ हा शब्द सूचक असला, तरी निद्रानाश आणि रजःक्षय यांचा सांधा त्या ग्रंथांनी जोडलेला नाही. व्यायामाविषयी तर एक विशेष गोष्ट आढळते. नको असलेली, अतिरिक्त झोप घालविणाऱ्या उपायांत चरकाने व्यायामाचा समावेश केला आहे. व्यायाम केला की झोप चांगली लागते, ही आजची सर्वमान्य समजूत प्राचीन शास्त्राने जशीच्या तशी मांडलेली नव्हती, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

युरोपात या वयाला ‘क्लायमॅक्टेरिक’ म्हणत. मूळ ग्रीक शब्दाचा संबंध शिडीच्या पायरीशी आहे. मनुष्याच्या आयुष्यात सातासातांच्या पटीने येणारी संकटाची वर्षे, हा त्याचा जुना अर्थ. त्रेसष्टावे वर्ष सर्वांत मोठे संकटाचे मानीत. हा शब्द प्रारंभी स्त्री व पुरुष दोघांनाही लागू होता. शार्ल-पियेर-लुई द गार्दान या फ्रेंच वैद्याने १८१६ मध्ये या वयाविषयी स्त्रियांसाठी एक उपदेशपर ग्रंथ लिहिला व १८२१ च्या आवृत्तीत ‘मेनोपॉझ’ हे नाव रूढ केले. हे नाव ‘महिना’ व ‘थांबणे’ अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून साधलेले आहे. येथून पुढे या वयाचा विचार एका अवयवाच्या एका कार्याशी बांधला गेला. नाव मिळाल्याने अभ्यासास विषय मिळाला हे खरे. परंतु त्याच नावाने विषयाची कक्षा आखडली, हेही तितकेच खरे.

आजच्या व्याख्येनुसार सलग बारा महिने रजोदर्शन न झाल्यानंतरच रजोनिवृत्ती झाली असे म्हणता येते. म्हणजे हा शब्द नेहमी मागे वळून लावावयाचा असतो. झोपेची तक्रार मात्र त्याआधी, पाळी अनियमित होऊ लागते त्या वर्षांत, बहुधा सुरू झालेली असते. नाव आणि अनुभव यांची ही चुकामूक पुढील सर्व इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

जपानचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. तेथील ‘कोनेन्की’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन वैद्यकाच्या संपर्कातून घडला. मार्गारेट लॉक या मानवशास्त्रज्ञ विदुषीने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की, जपानी स्त्रिया या शब्दाने वय वाढण्याची एक दीर्घ अवस्था दर्शवितात; पाळी थांबणे हा तिचा केवळ एक भाग. खांदे आखडणे ही त्यांची नेहमीची तक्रार होती. पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीची खूण मानलेल्या, अंगातून एकाएकी उसळणाऱ्या उष्णतेसाठी जपानीत स्वतंत्र, नेमका शब्दही नव्हता. शब्द नसल्याने अनुभव नसतो, असा निष्कर्ष यावरून काढता येणार नाही. तथापि प्रश्नावलीत कोणता शब्द घालावयाचा, यावर उत्तर किती अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

२. मराठीतील शब्दव्यवस्था

मराठीत रजोदर्शनाच्या आरंभास शब्दांची वाण नाही. ‘न्हाण येणे’, ‘पदर येणे’ हे प्रयोग प्रसिद्ध आहेत. मखरात बसविणे, ऋतुशांती इत्यादी विधींची परिभाषा त्यांच्याभोवती उभी राहिली. मासिक येरझारीसाठी ‘बाहेर बसणे’, ‘दूर होणे’, ‘कावळा शिवणे’ असे आडवळणाचे प्रयोग आहेत. परंतु या साऱ्याच्या शेवटासाठी भाषेने फारशी तसदी घेतलेली दिसत नाही. ‘पाळी गेली’, ‘पाळी थांबली’, ‘विटाळ गेला’ एवढ्यावर भागते. आरंभास सोहळा आहे, शेवटास साधे क्रियापद आहे. ‘विटाळ गेला’ या प्रयोगात तर सुटकेचाच भाव अधिक. देवघर व स्वयंपाकघर यांवरील निर्बंध उठल्याचा तो निर्वाळा होय. जे सुटले त्याचे नाव भाषेने राखले. जे नव्याने सोसावे लागले त्याला मात्र नाव दिले नाही.

‘रजोनिवृत्ती’ हा संस्कृतोद्भव शास्त्रीय शब्द या पोकळीत आला. त्यातील ‘निवृत्ती’ला मराठीत प्रवृत्ति-निवृत्तीच्या तात्त्विक चर्चेचा जुना गंध आहे आणि पुढे ‘सेवानिवृत्ती’चा सहवासही लाभला. त्यामुळे या शब्दात काम संपल्याची, आता स्वस्थ बसावे अशी एक छटा नकळत मिसळते. ज्या वयात शरीराच्या हालचालीची अधिक गरज आहे त्या वयासाठी ही छटा उपकारक आहे असे म्हणता येणार नाही.

निद्रेच्या बाबतीत मात्र बोलभाषा शास्त्रापेक्षा श्रीमंत ठरते. ‘झोप लागत नाही’, ‘मध्येच जाग येते’, ‘पहाटेच डोळा उघडतो’, ‘झोपेवर झोप लागत नाही’, ‘रात्रभर कूस पालटत होते’, ‘डोळ्याला डोळा लागला नाही’ ही वाक्ये एकमेकांच्या जागी घालता येत नाहीत. पहिल्यात झोपेचा आरंभ अडतो, दुसऱ्यात तिचा धागा तुटतो, तिसऱ्यात ती अकाली संपते. ‘अंगातून वाफा येतात’ हे वाक्य त्यांना जोडले गेले की तक्रारीचे कारणही अर्धेअधिक सांगून होते. ‘निद्रानाश’ हा तत्सम शब्द या सर्वांना एकाच गाठोड्यात बांधतो. शास्त्राने दीर्घकाळ हेच गाठोडे हाताळले.

३. एका ओळीत बसविलेली झोप

एडवर्ड टिल्ट या इंग्रज वैद्याचा रजोनिवृत्तीवरील ग्रंथ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाला. शेकडो स्त्रियांच्या तक्रारींचे कोष्टक मांडण्याचा त्याचा प्रयत्न त्या काळी नवा होता. परंतु तक्रारींचे मूळ मज्जातंतूंच्या क्षोभात आहे ही त्याची धारणा असल्यामुळे उपचारांचा रोखही क्षोभ शमविण्याकडे, म्हणजे गुंगी आणणाऱ्या औषधांकडे राहिला. त्याचे कोष्टक दवाखान्यात आलेल्या स्त्रियांचे होते. जी दवाखान्यात आली नाही तिचा अनुभव कोष्टकाबाहेर राहिला.

ही उणीव भरून काढण्याचा पहिला मोठा उद्योग स्त्री-वैद्यांनीच केला, हे लक्षणीय आहे. ब्रिटनमधील मेडिकल विमेन्स फेडरेशनने एक हजार स्त्रियांची पाहणी करून तिचे निष्कर्ष १९३३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. बहुसंख्य स्त्रियांनी या काळात आपली नित्याची कामे खंड न पाडता चालू ठेवली होती, असे त्यात दिसून आले. या वयात स्त्री निकामी होते, या समजुतीस त्यामुळे धक्का बसला. तथापि काम चालू ठेवणारी स्त्री रात्री झोपत होती की नाही, हा प्रश्न या निष्कर्षाने सुटला नाही.

१९५३ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. शिकागो येथे ॲझेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत डोळ्यांच्या जलद हालचालींचे टप्पे येतात हे दाखवून दिले आणि झोप ही एकसारखी अवस्था नसून तिला अंतर्गत रचना आहे, हे सिद्ध केले. त्याच वर्षी कुपरमन व त्याच्या सहकाऱ्यांनी रजोनिवृत्तीच्या लक्षणांचा गुणांक प्रसिद्ध केला. त्यात अकरा लक्षणे होती. उष्णतेच्या लाटांस चारचा गुणक होता, निद्रानाशास दोनचा. एकीकडे झोपेची रचना उलगडत असताना दुसरीकडे स्त्रीची सारी रात्र एका ओळीत आणि एका गुणकात बसविली गेली. हा गुणांक पुढे कित्येक दशके वापरात राहिला.

या दोन प्रवाहांची भेट घडण्यास जवळजवळ तीन दशके गेली. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी तीव्र लाटा येणाऱ्या नऊ स्त्रियांच्या त्वचेचे तापमान आणि निद्रालेख यांची एकाच वेळी नोंद घेतली. लाट आणि जाग यांचा घनिष्ठ संबंध त्यांना आढळला. पुढे डेट्रॉइट येथे फ्रीडमन व रोअर्स यांनी २००६ मध्ये दाखविले की हा संबंध सबंध रात्रभर सारखा नसतो. रात्रीच्या पूर्वार्धात लाटा झोप मोडतात. उत्तरार्धात, डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप अधिक असताना, शरीराचे तापमान-नियमन मंदावते व लाटांचा तो प्रभाव ओसरतो. त्यांच्याच प्रयोगात खोली थंड ठेवल्याने लाटांची संख्याही घटली.

१९९६ मध्ये अमेरिकेत सात केंद्रांवर ३३०२ स्त्रियांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्याच्या पूर्वपाहणीतील चाळीस ते पंचावन्न वर्षांच्या १२,६०३ स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्क्यांनी झोपेची अडचण सांगितली होती. २००८ च्या अहवालात झोप लागण्यातील अडचण, झोप टिकण्यातील अडचण आणि पहाटे लवकर जाग येणे ही तीन लक्षणे प्रथमच वर्षानुवर्षे वेगवेगळी तपासलेली दिसतात. पहिल्या दोहोंचे प्रमाण रजोनिवृत्तीच्या वाटचालीत वाढत गेले. तिसऱ्याचे वाढून पुढे उतरले. बोलभाषेने आधीच वेगळी केलेली तीन वाक्ये शास्त्राने अशा रीतीने पुन्हा वेगळी केली.

‘झोपेचा दर्जा’ या संज्ञेतही एक पेच आहे. तिचे मोजमाप १९८९ मध्ये पिट्सबर्ग येथे तयार झालेल्या प्रश्नावलीने होऊ लागले. तीत सात घटक असून एकूण गुण शून्य ते एकवीस असतात. गुण जितके अधिक तितकी झोप वाईट. परंतु विस्कॉन्सिनमधील एका अभ्यासात २००३ मध्ये असे आढळले की, रजोनिवृत्त स्त्रिया आपल्या झोपेविषयी अधिक असमाधानी होत्या, मात्र यंत्राच्या नोंदीत त्यांची झोप निकृष्ट नव्हती, किंबहुना गाढ झोपेचे प्रमाण अधिकच होते. यावरून स्त्रियांची तक्रार काल्पनिक ठरविणे चुकीचे होईल. यंत्र जे मोजते आणि ‘झोप’ या शब्दाने स्त्रीला जे अभिप्रेत असते, ते सर्वस्वी एक नाही, एवढाच त्याचा अर्थ.

४. विश्रांतीकडून व्यायामाकडे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य वैद्यक थकलेल्या स्त्रीस विश्रांती सांगत होते. वेअर मिचेल या अमेरिकन वैद्याचा विश्रांती-उपचार प्रसिद्ध आहे. त्यात आठवडेच्या आठवडे अंथरुणास खिळवून ठेवणे, भरपूर आहार व मर्दन यांवर भर असे. याविरुद्ध स्त्रियांना हालचालीची गरज आहे असे आग्रहाने मांडणाऱ्यांत स्टॅनफर्ड येथील क्लीलिया मोशर या डॉक्टर विदुषीचे नाव घ्यावे लागते. तिने पाळीच्या वेदनांवर व्यायाम सुचविले आणि घट्ट पोशाख व हालचालीचा अभाव यांना दोष दिला. तिचा विषय तरुण स्त्रिया हा होता. पन्नाशीची स्त्री अद्याप व्यायामाच्या विचारात आलेली नव्हती.

महाराष्ट्रातील स्थिती याहून फार निराळी नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे व्यायामाची मोठी चळवळ उभी राहिली. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. लोणावळ्यास कुवलयानंदांनी कैवल्यधाम १९२४ मध्ये स्थापून योगक्रियांचे प्रायोगिक संशोधन आरंभिले. बडोद्याहून मुजुमदारांचा व्यायामज्ञानकोश निघाला. या प्रयत्नांचे मोल निर्विवाद आहे. परंतु ‘तालीम’, ‘आखाडा’, ‘जोर’, ‘बैठका’, ‘कसलेले शरीर’ ही व्यायामाची रूढ शब्दसृष्टी तरुण पुरुषाभोवतीच फिरत होती.

व्यायाम व झोप यांचे आधुनिक प्रयोगही पुरुषांपासूनच सुरू झाले. १९६६ मध्ये बेकलंड व लास्की यांनी महाविद्यालयीन खेळाडू तरुणांच्या निद्रालेखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी रॉबर्ट विल्सन याचे इस्ट्रोजेनची भलामण करणारे पुस्तक अमेरिकेत गाजले. तरुणासाठी मैदान आणि प्रौढ स्त्रीसाठी गोळी, अशी ही वाटणी होती.

इतरत्र चित्र हळूहळू पालटत होते. स्टॅनफर्ड येथे १९९७ मध्ये पन्नास ते शहात्तर वर्षांच्या ४३ स्त्री-पुरुषांवर सोळा आठवड्यांचा प्रयोग झाला. मध्यम व्यायामाने त्यांनी स्वतः सांगितलेला झोपेचा दर्जा सुधारला. २००३ मध्ये सिअ‍ॅटल येथे १७३ रजोनिवृत्त, बैठ्या सवयीच्या स्त्रियांवर वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटास मध्यम व्यायाम, दुसऱ्यास केवळ अंग ताणण्याचे प्रकार दिले होते. सकाळी अधिक वेळ व्यायाम करणाऱ्या स्त्रियांना झोप लागण्यात कमी अडचण आली. सायंकाळी करणाऱ्यांना उलट अधिक आली. शिवाय अंग ताणणाऱ्या गटातही सुधारणा दिसली. व्यायामाने अवांछित झोप जाते हे चरकाचे विधान आणि सायंकाळच्या व्यायामाचा हा अनुभव यांचा थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु व्यायाम केव्हा आणि किती, हा प्रश्न जुनाच आहे.

५. २००२ नंतर

२००२ मध्ये अमेरिकेतील १६,६०८ स्त्रियांवरील संयुक्त संप्रेरक-उपचाराचा प्रयोग, स्तनाच्या कर्करोगाचा व अन्य धोका वाढल्याचे दिसल्यावरून, मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. साठ वर्षांखालील स्त्रियांच्या बाबतीत लाभ-हानीचे गणित अधिक अनुकूल आहे, असे पुढील विवेचनातून स्पष्ट झाले; परंतु त्या क्षणी लाखो स्त्रियांनी औषध सोडले आणि संप्रेरकांवाचूनच्या उपायांची निकड भासू लागली. या निकडीतून उभ्या राहिलेल्या संशोधन-जाळ्याने व्यायामाची काटेकोर परीक्षा केली. २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. १०६ स्त्रियांनी बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम केला, १०७ जणींनी योगाभ्यास केला आणि १४२ जणींनी आपला नित्यक्रम चालू ठेवला. व्यायामाने उष्णतेच्या लाटा कमी झाल्या नाहीत. झोपेचा दर्जा व निद्रानाश यांत थोडी सुधारणा दिसली. परंतु अनेक कसोट्या एकत्र लावल्याबद्दलची गणिती दुरुस्ती केल्यावर ती निर्णायक उरली नाही. योगाने लाटा घटल्या नाहीत, निद्रानाश मात्र काहीसा घटला. त्याच जाळ्यातील २०१६ च्या प्रयोगात १०६ स्त्रियांना झोपेच्या सवयी व विचार यांवर दूरध्वनीवरून मार्गदर्शन केले गेले. तेथे सुधारणा ठळक होती. भारतात बंगळूर येथे १२० स्त्रियांवर आठ आठवडे झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साध्या व्यायामाच्या तुलनेत योगाचा प्रभाव अधिक अनुकूल आढळला होता.

या सर्वांवरून निघणारा निष्कर्ष माफक आहे. व्यायाम झोपेस साहाय्य करतो. तो लाटा शमविण्याचे औषध नव्हे. आणि दीर्घकाळच्या निद्रानाशावर एकट्या व्यायामाची भिस्त ठेवता येत नाही. रजोनिवृत्तीनंतर झोपेतील श्वास-अवरोधाचे प्रमाण वाढते; तेथे तर कारण निराळे व उपायही निराळा.

६. कष्ट आणि व्यायाम

महाराष्ट्रात हा प्रश्न मांडताना एका भेदाकडे दुर्लक्ष करता येणार नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम कशाला, असे सर्रास म्हटले जाते. चरकाने व्यायामाची व्याख्या करताना शरीरास स्थैर्य व बल देणारी, इष्ट आणि मात्रेने केलेली हालचाल, असा त्याचा आशय सांगितला आहे. सुश्रुताने अर्ध्या शक्तीची मर्यादा घातली आहे. कष्टाला यांपैकी काहीच लागू नाही. कष्टाची मात्रा करणारी स्त्री ठरवीत नाही, वेळही ठरवीत नाही, अर्ध्या शक्तीवर थांबण्याची मुभाही तिला नसते. वर उल्लेखिलेल्या सिअ‍ॅटलच्या प्रयोगात बैठ्या सवयीच्या स्त्रिया मुद्दाम निवडल्या होत्या. ‘व्यायामाने झोप सुधारते’ हे वाक्य त्यांच्याकडून उचलून ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रीवर लावणे म्हणजे एका शब्दाच्या आधाराने दोन आयुष्ये एक मानणे होय.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला आणि राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. यांतील अनेक स्त्रियांची पाळी ऐन तारुण्यात शस्त्रक्रियेने थांबली होती. केवळ गर्भाशय काढल्याने संप्रेरके लगेच आटत नाहीत. परंतु बीजकोशही काढले असल्यास रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि लाटा व झोपमोड अधिक तीव्र होतात. भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय सुमारे सेहेचाळीस-सत्तेचाळीस आढळते. त्याच्या कितीतरी आधी या अवस्थेस पोहोचलेल्या स्त्रीला ‘पाळी गेली’ हेच क्रियापद वापरावे लागते. ती गेली की काढली गेली, हा फरक त्या क्रियापदात उमटत नाही.

तेव्हा दोन कामे स्पष्टपणे समोर येतात. मराठी भाषक स्त्रियांची पाहणी करताना ‘निद्रानाश आहे काय’ असा एकच प्रश्न न विचारता झोप लागणे, जाग येणे आणि पहाटेचे जागणे यांविषयी त्यांच्याच शब्दांत वेगवेगळे विचारले पाहिजे. ‘व्यायाम करता काय’ या प्रश्नापूर्वी दिवसाच्या कष्टांचा हिशेब घेतला पाहिजे. आणि पाळी कशी थांबली हे नोंदले पाहिजे. दुसरे असे की, इतर भाषांतील प्रश्नावल्यांचे मराठी रूपांतर हे शब्दकोश पाहून उरकण्याचे काम नसून बोलभाषेच्या अभ्यासकाने वैद्याच्या शेजारी बसून करावयाचे काम आहे. दोन शतकांच्या या इतिहासात प्रत्येक वेळी ज्ञान पुढे सरकले ते एका गाठोड्यातील तक्रारी सुट्या केल्या गेल्या तेव्हाच. मराठीत त्या मुळातच सुट्या आहेत. त्या तशाच टिपून घेणे एवढेच उरते.